राग येताना दिसावा म्हणून

बाबा जेवले नाहीत की आम्ही भावंडं घरात पाय न वाजवता चालायचो.

घोरपडीला आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवायचे. बोलणं कमी, आणि हात रुंद. कितीही साबण लावला तरी बोटांच्या पेरांतला काळेपणा जायचा नाही. दर शुक्रवारी त्यांचा उपास असे. शिवाय लेंटचे चाळीस दिवस, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, ते दिवसातून एकदाच, दिवेलागणीनंतर जेवायचे. आमच्या चर्चमध्ये उपास धरणारे इतरही होते. कुणी त्या दिवसांत मटण सोडायचं, कुणी चहा. बाबा मात्र पाण्यावर राहायचे. या ठरलेल्या उपासांचं आम्हाला काही वाटत नसे. भीती वाटायची ती अधल्यामधल्या उपासांची. एखाद्या मंगळवारी, काही कारण नसताना, ते कामावरून येऊन आईला सांगायचे, "आज माझं ताट करू नको." आई काही विचारायची नाही. ती आमची ताटं वाढायची आणि आम्ही मान खाली घालून भात गिळायचो. बाबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसलेले असायचे. त्यांचे ओठ हलायचे, पण शब्द कळायचे नाहीत.

वर्गातल्या एका मैत्रिणीने मला विचारलं होतं, "तुमच्यात उपासाला काय चालतं गं?"

"काहीच नाही. पाणी."

"साबुदाणासुद्धा नाही?"

"नाही."

"मग त्याला उपास कशाला म्हणता? उपासमार म्हणा की."

मी घरी येऊन हे हसत हसत आईला सांगितलं. आई हसली नाही. "बाबांसमोर बोलू नकोस," एवढंच म्हणाली.

अधल्यामधल्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी बाबा सायकल काढून मंडईत जायचे. घोरपडीहून मंडई काही जवळ नाही आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीवाले होते, तरी जायचे. हंगाम असला तर अंजीर आणायचे, नाहीतर पेरू. पुडा दादाच्या अभ्यासाच्या पाटावर ठेवायचे आणि काही न बोलता निघून जायचे. दादा त्याला हात लावायचा नाही. ती अंजिरं मीच खायची. दादाला अंजीर आवडत नाही, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. अकरा वर्षांचा असताना तो कालव्यावर पोहायला गेला, कानात पाणी गेलं, कान पिकला आणि कायमचा गेला. आमच्या घरात ही गोष्ट अशीच सांगितली जायची. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि त्या आठवड्यात लोणी काळभोरला आत्याकडे राहिले होते. परत आले तेव्हा दादाच्या डोक्याला पट्टी होती. आई प्रत्येकाला तेच सांगायची, "कालव्याचं पाणी. घाण असतं हो ते." मीही पुढे सगळ्यांना तेच सांगत आले. माझ्या लग्नात सासरच्या मंडळींनासुद्धा.

ते लग्न टिकलं नाही. आई गेली. त्यानंतर मी बाबांना माझ्याकडे आणलं. मी मांजरीला राहते. आमच्या इमारतींच्या मध्ये अजून उसाचा एक तुकडा शिल्लक आहे, तो आठव्या मजल्यावरून दिसतो. लोणी काळभोरच्या एका कॉलेजात मी ग्रंथालय सांभाळते. सकाळी साडेआठला स्कूटरवरून निघते आणि साडेपाचला परत येते. बाबा तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यांना साखरेच्या गोळ्या सुरू होत्या, गुडघे गेले होते. दिवसभर त्यांच्यापाशी थांबायला मी एक मावशी ठेवल्या. त्या यवतमाळकडच्या. नवरा आणि मुलगा इथे कारखान्यात लागल्यामुळे पुण्यात आलेल्या. दणकट आणि बोलक्या.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या लेंटची आहे.

राखेच्या बुधवारी बाबांनी कपाळावर राख लावून घेतली आणि घरी आल्यावर मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "बाबा, यंदा उपास नाही. डॉक्टरांनी सांगितलंय." ते "बरं" म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मावशींचा ग्रंथालयात फोन आला. बाबा बाथरूमच्या दाराशी पडले होते. अंगावर घाम, डोळे उघडे, पण ओळख नाही. मी कशी पोचले ते मला आठवत नाही. दवाखान्यात साखर तपासली तर ती चाळीसच्या घरात निघाली. गोळ्या वेळच्या वेळी घेत होते आणि जेवण घेत नव्हते. मावशी पोळीभाजी समोर ठेवून धुण्याला गेल्या की ते पोळी कागदात गुंडाळून उशीखाली ठेवायचे आणि मग खिडकीतून पारव्यांना घालायचे.

डॉक्टरबाई पुण्याच्या पेठेतल्या असाव्यात. शुद्धीवर आलेल्या बाबांकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आजोबा, देवाशी काय बोलायचं ते जेवून बोला. त्याला चालतं. मला उपाशी चालत नाही."

दोन दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. त्यांनीही हेच सांगितलं. आजारी माणसावर उपासाचं बंधन नाही, उपासापेक्षा मन महत्त्वाचं वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "त्यांना वाटतं मी पुण्य कमावतोय."

मी चिडलेच होते. तीन दिवसांची रजा गेली होती. "मग कशासाठी करताय? मला तरी सांगा. पोळ्या उशीखाली लपवायच्या! लहान मूल आहात का?"

त्यांनी आपले दोन्ही हात चादरीवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या दादाचा कान मी फोडला."

मला आधी ते नीट कळलंच नाही. मी म्हणाले, "कालव्याचं पाणी..."

"पाणी होतंच कानात. वरून मी मारली. एक. डॉक्टर म्हणाले, कोरड्या कानावर लागली असती तर कदाचित निभावलं असतं." थोडं थांबून म्हणाले, "तुझी आई माझ्यासाठी आयुष्यभर खोटं बोलली. ते तिला झेपत नव्हतं. तिलाही मीच त्यात ओढलं."

मी पलंगाच्या कडेवर बसले. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कळत होतं की आपण जन्मभर पाहुण्यांना जे सांगत आलो ते खोटं आहे.

"तेव्हापासून उपास?" मी विचारलं.

"त्याच आठवड्यापासून."

"पण उपाशी माणूस जास्त चिडतो, बाबा."

"चिडतो. खरं आहे ते." मग ते सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलले. वर्गात पोरांना कानस कशी धरायची ते सांगायचे तसं. "पोट भरलेलं असलं ना, की राग मागून येतो. हात उठल्यावर कळतं. उपाशी असलं की तो समोरून येताना दिसतो. लांबून. मग बाजूला व्हायला वेळ मिळतो. कामावर कुणा पोराला मारावंसं वाटलं, की त्या दिवशी मी जेवायचो नाही. घरी तुमच्यावर हात उठेल असं वाटलं तरी नाही. त्यानंतर मी कुणावर हात टाकला नाही. तूच सांग, टाकला का?"

टाकला नव्हता. त्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. मी लहानपणी ज्या मंगळवारांना भीत आले होते, ते सगळे मार चुकल्याचे दिवस होते.

त्या रात्री मी दादाला फोन केला. तो पिंपरीला राहतो, एका कारखान्यात सुपरवायझर आहे. महिन्यातून एकदा फोन करायचा, नाताळला आणि ईस्टरला यायचा. खिडकीजवळच्या खुर्चीवर तासभर बसून मोसंबी ठेवून जायचा. मी त्याला म्हणाले, "दादा, बाबांनी मला सांगितलं. तुझ्या कानाचं."

"मग?"

"मग काय? तू कधी बोलला नाहीस."

"मला माहीतच होतं की. कान माझा होता."

मी त्याला उपासाचं कारण सांगितलं. मला वाटलं होतं, ते ऐकून तो थोडा तरी विरघळेल. तो म्हणाला, "तुला माहितेय, मला काय वाटायचं? बाबा माझ्यामुळे उपाशी आहेत. दर शुक्रवारी. मी कान घालवला म्हणून घरात कुणी नीट जेवत नाही. अकरा वर्षांच्या पोराला आणखी काय वाटणार? मला त्यांचा उपास नको होता गं. एकदा येऊन बोलायला हवं होतं. एकदा."

"आता बोलतील. तू ये."

"बघतो."

तोपर्यंत घरात वेगळंच सुरू झालं होतं. दर तीन तासांनी खाणं, ही डॉक्टरांची आज्ञा मी आणि मावशी तंतोतंत पाळत होतो. बाबांच्या अंगात थोडी शक्ती आली. आणि राग आला. चहा गार आहे, चादर सरळ नाही, मावशी मोठ्याने बोलतात. ज्या माणसाचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो आता खालच्या मजल्यापर्यंत जायला लागला. एका सकाळी त्यांनी नाचणीची वाटी ताटासकट भिरकावली. ताटाची कड मावशींच्या मनगटाला लागली आणि रक्त आलं.

मावशी मनगट नळाखाली धरून म्हणाल्या, "बाबाजी, अन्नावर काहून राग काढता? काढाचा असन तं माह्यावर काढा."

बाबांचा चेहरा मी तेव्हा बघितला. तो रागाचा नव्हता, घाबरलेल्या माणसाचा होता. त्यांनी मावशींपुढे हात जोडले. मला म्हणाले, "मला माझा शुक्रवार परत दे."

"नाही देता येणार, बाबा."

"मग मी काय करू? मला तो दिसत नाही आता."

मी काय सांगणार होते? म्हणाले, "येतोय असं वाटलं की हाक मारा." त्यांनी ते मनावर घेतलं. मी घरात असले की मधूनच हाक यायची, "येतोय गं." मी पोळी तव्यावरून उतरवून जायची आणि त्यांच्या मुठीवर हात ठेवून बसायची. कधी तो निघून जायचा. कधी माझा हात झटकून ते ओरडायचेच. मी कामावर असताना मावशी बसायच्या. त्यांनी कधी काम सोडण्याची भाषा केली नाही. का, ते मी विचारलं नाही.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, दुपारी दादा आला. मावशींनी त्या आठवड्यात पलंग फिरवून बाथरूमच्या बाजूला सरकवला होता, बाबांना उठायला सोपं म्हणून. दादा नेहमीच्या सवयीने खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला. मी चहा टाकायला आत गेले. चहाला उकळी येत असताना बाबा बोलायला लागले. आवाज खोल, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. नजर समोरच्या भिंतीवर. मी दारात तशीच उभी राहिले.

"त्या दिवशी काठावर तुझे कपडे होते," ते म्हणाले. "तू नव्हतास. मी पुलापर्यंत पळालो. परत आलो. पाण्यात उडी मारायची तर मला पोहता येत नव्हतं. देवाला म्हटलं, याला दे, मला ने. आणि तू वर आलास. हसत होतास. तू जिवंत आहेस म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला तुझं हसणं सहन झालं नाही." मग भिंतीकडेच बघत पुढे म्हणाले, "देवाकडे मी रोज क्षमा मागितली. तुझ्याकडे मागितली नाही. तू नाही म्हणशील अशी भीती होती. आता मागतो. मला क्षमा कर, बाळा."

दादा मान खाली घालून बसला होता. हात मांडीवर. बाबा बोलायचे थांबले तसं त्याने मान वर केली, बाबांकडे बघितलं आणि विचारलं, "मोसंबं सोलून देऊ?"

बाबांनी मान हलवली. दादाने मोसंबं सोललं, एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांनी ती खाल्ली. ते रडत होते. दादाला वाटलं असेल, म्हातारपणी येतं डोळ्यांत पाणी.

मला खुर्ची आणि पलंग दिसत होते. दादाचा डावा कान बाबांकडे होता, उजवा उघड्या खिडकीकडे.

मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. "ऐकलंस?" मी विचारलं. तो म्हणाला, "काय?" तेवढ्यात त्याचा फोन वाजला, लिफ्ट आली, आणि तो फोनवर बोलत आत गेला. मी परत फिरले. त्याला कदाचित विषय नको असेल, असं मी स्वतःला समजावलं. तसं नव्हतं, हे मला तेव्हाच माहीत होतं.

त्या संध्याकाळी बाबा स्वतःहून म्हणाले, "भूक लागलीय." भात आणि बोंबलाचं कालवण पोटभर जेवले. कित्येक वर्षांत मी त्यांना इतक्या शांतपणे जेवताना बघितलं नव्हतं. गुड फ्रायडेलासुद्धा त्यांनी उपास मागितला नाही. ओरडणं थांबलं. मावशी म्हणाल्या, "बाबाजी अक्षी लेकरावानी झाले." मी हे सगळं बघत होते आणि गप्प होते.

उन्हाळा असाच गेला. बाबा मोकळे झाले आणि मोकळा झालेला माणूस उपदेश करायला लागतो, तसं झालं. जूनमध्ये एकदा मी कामावरून थकून आले होते. ते म्हणाले, "तुझ्या नवऱ्याचा राग सोड आता. त्याला एक फोन कर. माझं बघ. बोललो आणि सुटलो. एवढं अवघड नसतं ते."

त्या क्षणी एक वाक्य माझ्या जिभेवर आलं. 'तुमच्या मुलाला त्या दिवशी एक अक्षर ऐकू आलं नाही.' एवढंच वाक्य. ते म्हटलं असतं तर त्यांचा चेहरा कसा झाला असता, हे मला स्पष्ट दिसलं. खरं सांगायचं तर ते बघावंसं वाटलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. लहानपणापासून मोहाबद्दल इतकी प्रवचनं ऐकली होती. येशूचे अरण्यातले चाळीस उपाशी दिवस, दगडाची भाकर कर म्हणणारा सैतान. मोह हा असा, अगदी खऱ्याखुऱ्या वाक्याचा असू शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी उपास धरला. बाबांना सांगितलं नाही. पाण्यावर. अकरा वाजता डोकं दुखायला लागलं, एक वाजता ग्रंथालयातल्या सगळ्यांचे डबे उघडले आणि मला रडू येईल की काय असं वाटलं. समोर बसणारी म्हणाली, "काय मॅडम, डाएट वाटतं?" मी हो म्हणाले. चारनंतर भूक गेली आणि एक रिकामी, पातळ शांतता आली. संध्याकाळी घरी आले. बाबा पुन्हा काहीतरी शिकवायला लागले आणि तेव्हा मला ते वाक्य येताना दिसलं. बाबा म्हणाले होते तसंच, लांबून. मी "हो बाबा" म्हणाले आणि कुकर लावायला गेले.

मावशींच्या लक्षात आलं. "ताई, शुक्करवारी काहून जेवत नाही जी तुम्ही? संतोषीमातेचा धरला का?"

"तसाच आहे," मी म्हणाले.

आठ की नऊ शुक्रवार झाले. ऑगस्टमध्ये बाबांना निमोनिया झाला. दवाखान्यात त्यांच्या नाकातून नळी घातली आणि दोन-दोन तासांनी पांढरं पातळ काहीतरी त्यातून जायला लागलं. ते बोलू शकत नव्हते. दादा रोज कामावरून येऊन काचेबाहेर उभा राहायचा. अकराव्या दिवशी पहाटे बाबा गेले. मी ते वाक्य शेवटपर्यंत बोलले नव्हते. पेटीवर माती टाकताना मला त्याचंच समाधान वाटत होतं, आणि त्या समाधानाची मला आता लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दादा बाबांची कागदपत्रं बघायला आला. मावशींनी चहा दिला आणि त्या बाजारात गेल्या. दादा बाबांच्या रिकाम्या पलंगावर बसला होता. पेन्शनची फाईल बंद करून म्हणाला, "एक विचारू? शेवटी शेवटी त्यांनी माझ्याबद्दल कधी काही म्हटलं?"

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. काठावरचे कपडे, पुलापर्यंत पळणं, पोहता न येणं, हसणं. 'मला क्षमा कर, बाळा.' जेवढं आठवत होतं तेवढं, त्यांच्याच शब्दांत.

"कधी म्हणाले हे?"

"झावळ्यांच्या रविवारी. तू खिडकीजवळ बसला होतास."

"मला वाटलं ते प्रार्थना करतायत," तो म्हणाला. "ओठ हलताना कडेने दिसत होते. म्हणून मी मान खाली घातली."

बाहेर उसाच्या बाजूला एक ट्रॅक्टर चालू होता. तो थांबल्यावर दादाने विचारलं, "तुला माहीत होतं मला ऐकू आलं नाही म्हणून?"

"हो."

"लिफ्टपाशीसुद्धा माहीत होतं?"

"हो."

"मग एप्रिल, मे, जून, जुलै..." तो महिने मोजत गेला. "मी आलो असतो. त्या खुर्चीवरून उठून पलीकडे बसलो असतो. दोन मिनिटांचं काम होतं. तू का सांगितलं नाहीस?"

मी म्हणाले, बाबा शांत झाले होते, त्यांची शांतता मोडेल अशी भीती वाटली. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. ते वाक्य माझ्या ताब्यात होतं. बाबांना ते सांगायचं नाही म्हणून मी भूक काढत होते, जीव आवळून धरत होते, आणि त्या सगळ्या खटाटोपात ते दादाला सांगायचं राहून गेलं नव्हतं, मी ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. तोंडाला कुलूप घातलं की ते दोन्हीकडून बंद होतं. आई कालव्याचं पाणी सांगत राहिली, मी काहीच सांगितलं नाही. घर तेच.

दादा चहा अर्धा टाकून गेला. नाताळला आला नाही. फोन केला तर वहिनी उचलायच्या आणि ते बाहेर गेलेत म्हणायच्या.

यंदाच्या लेंटमध्ये एका शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून पिंपरीला गेले. दार दादानेच उघडलं. मी चप्पल काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर बोलले नसते. भीतीचं कारण मी पुढे केलं होतं, पण त्यामागे आणखी काय होतं तेही सांगितलं. ते वाक्य बाबांच्या तोंडावर फेकावंसं वाटलं होतं, हे सांगितलं. ते राखून ठेवण्यात मला एक प्रकारचा मोठेपणा वाटत होता, हेही. "माझी चूक झाली, दादा," म्हणाले. "विसरले नव्हते मी. चूक होती."

तो दार धरून उभा होता. "आत ये," म्हणाला. आम्ही बसलो. टीव्हीचा आवाज त्याने बंद केला.

"तुला माफ करणं जमेल मला," तो म्हणाला. "आज नाही, पण जमेल. त्यांचं काय करू ते कळत नाही. त्यांनी मागितलं आणि मी मोसंबं सोललं. आता मी हो कुणाला म्हणू?"

वहिनींनी आतून विचारलं, जेवून जाणार ना? मी उपास आहे असं म्हणणार होते. दादा म्हणाला, "वाढ तिला." गवारीची भाजी होती, ज्वारीची भाकरी होती. आम्ही तिघं जेवलो. मग तो पायात चपला घालून खाली माझ्यासाठी रिक्षा बघायला गेला.